जुनी इंडिगो मरिना: पुढचा अर्धा टॅक्सीचा, मागचा अर्धा नशिबाचा

स्टेशन वॅगन, म्हणजे छत पार मागेपर्यंत नेलेली लांब डिकीची गाडी, हा प्रकार आपल्याकडे टाटाने दोनदा विकून पाहिला. १९९२ मध्ये एस्टेट आणि २००४ मध्ये इंडिगो मरिना. दोन्ही वेळा गिऱ्हाइकाने लांब डिकीला नाक मुरडलं. पण चार माणसं आणि गावाकडून यायचं तांदळाचं पोतं एकाच फेरीत आणायचं असेल, तर मरिना अजूनही सोयीची गाडी आहे. सेकंडहँड बाजारात ती थोडक्यात मिळते, आणि म्हणूनच लोक फसतात. कारण या गाडीचे दोन भाग दोन वेगवेगळ्या जगात राहतात.

डॅशबोर्डपासून पुढचं जवळपास सगळं इंडिका-इंडिगो घराण्यातलं आहे. ४७५ नावाचं इंजिन: चार सिलिंडर, ७५ मिलिमीटरचा बोअर, ७९.५ चा स्ट्रोक, मिळून १४०५ सीसी. टॅक्सीच्या पिवळ्या पाटीखाली हेच इंजिन वर्षानुवर्षं पळलं, त्यामुळे तालुक्याच्या गॅरेजमधल्या पोरालाही ते डोळे मिटून उघडता येतं आणि पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. मागच्या चाकांवरचा भाग मात्र फक्त मरिनाचा. टेलगेट (डिकीचं वर उघडणारं दार), तिची काच, बाजूच्या मागच्या काचा, टेल लॅम्प, डिकीचं रबर, छतावरचे रेल यांपैकी सेडानचं किंवा हॅचबॅकचं काहीही इथे बसत नाही. मरिना मुळात खपली कमी, त्यामुळे भंगारातही कमी येते. पुण्याचा जुना बाजार किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घातला तर टेल लॅम्प मिळेलही. मिळेलच असं नाही.

म्हणून ही गाडी बघायला गेलात की आधी बॉनेट उघडू नका. मागे जा.

टेल लॅम्पला भेग आहे का, त्याच्या काचेत पाणी साठलंय का, टेलगेटची काच मूळची आहे का ते बघा. टेलगेट हाताने उचलून सोडा. अर्ध्यावरून खाली येत असेल तर डिकीचे दोन्ही गॅस शॉकर संपलेत. ही खराबी स्वस्त आहे, पण डोक्यावर पडणारी आहे. शॉकर नेहमी जोडीने बदला. एकच नवा टाकला तर टेलगेट एका अंगाने उचलली जाते, बिजागरीवर पीळ बसतो आणि पुढे लॉक नीट जुळत नाही. मरिनाचा शॉकर मिळाला नाही तर जुन्याची पूर्ण उघडी लांबी, बंद लांबी आणि अंगावर छापलेला न्यूटनचा आकडा लिहून घ्या. दोन्ही टोकांचे सांधे सारखे असतील तर दुसऱ्या गाडीचा शॉकरही चालतो. आकडा फार वाढवू नका. जास्त जोराचा शॉकर पत्र्यावरचा त्याचा ब्रॅकेटच वाकवतो.

मग मागचा वायपर, काचेवरची वाफ घालवणारा डिफॉगर, नंबर प्लेटचा दिवा आणि डिकीचं लॉक एकेक करून चालवा. यातल्या दोन-तीन गोष्टी बंद असतील आणि विकणारा म्हणत असेल, "मोटर गेलीय, वायरमनकडे दिली की होईल," तर मोटरवर संशय घेण्याआधी छत आणि टेलगेट यांच्यामध्ये असलेली रबरी नळी बघा. प्रत्येक वेळी डिकी उघडली की तिच्यातल्या वायरी वाकतात. दहा-पंधरा वर्षं वाकून आतलं तांबं तुटतं आणि बाहेरचं प्लास्टिक मात्र अखंड दिसतं. डिकी उघडी असताना दिवा लागतो, बंद केली की जातो. किंवा डिकी आपटली की फ्यूज उडतो. या दोन खुणा दिसल्या की निदान झालंच म्हणायचं.

दुरुस्ती घरी करता येते, पण घाईने नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढा. रबरी नळीची दोन्ही टोकं पत्र्यातून हलकेच सोडवून ती मागे सरकवा. आता एकेक वायर दोन बोटांत धरून हळू ओढा. धड वायर ताठ राहते. आतून तुटलेली रबर बँडसारखी लांबते. तुटलेल्या जागी नुसता पीळ देऊन टेप गुंडाळली तर पावसाळ्याच्या आत पुन्हा तिथेच तुटते, कारण सांधा ऐन वाकण्याच्या जागी येतो. वाकणारा पूर्ण तुकडा कापून काढायचा आणि त्याजागी बारीक तारांची, लवचिक, सिलिकॉन आवरणाची वायर घालायची. दिव्याला ०.७५ चौरस मिलिमीटर पुरते. डिफॉगर जास्त करंट ओढतो, त्याला मूळ वायरच्या जाडीची किंवा तिच्याहून जाड घ्या. सांधे एक छताच्या आत आणि दुसरा टेलगेटच्या आत, नळीच्या बाहेर यायला हवेत. सोल्डर करा, वर हीट श्रिंक चढवा आणि सगळे सांधे एकाच जागी न आणता पुढे-मागे ठेवा, नाहीतर तिथे गाठ होते आणि नळी परत बसत नाही. हे काम केल्यावर "गेलेली" वायपर मोटर बहुतेक वेळा फिरू लागते. वॅगनमध्ये मागचा वायपर चैनीची वस्तू नाही. मागची काच उभी असल्याने चाकांनी उडवलेला चिखल तिच्यावरच येऊन बसतो, आणि पावसाळ्यात घाट उतरताना आरशात नुसती तपकिरी भिंत दिसते.

डिकीच्या रबराचा एक दोष सहसा कुणी तपासत नाही. चालत्या वॅगनच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर वळून मागच्या काचेशी घोटाळतो. रबर कडक झालं असेल किंवा टेलगेट नीट बसत नसेल, तर तो धूर आत खेचला जातो. काचेच्या आतल्या बाजूला काळसर थर, मागे बसणाऱ्याला डोकेदुखी आणि मळमळ होत असेल तर हे रबर आणि सायलेन्सरचे सांधे त्याच दिवशी बघा. तपासायला कागदाची पट्टी पुरे. ती रबर आणि पत्रा यांच्यामध्ये ठेवून डिकी लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे फट आहे. कधी रबर ठीक असतं आणि लॉकचा कडीखुंटा सैल झालेला असतो. तो दोन मिलिमीटर आत घेतला की काम होतं. त्याच फटीतून, टेल लॅम्पच्या गॅसकेटमधून आणि छताच्या रेलच्या बोल्टांतून पाणी येतं. डिकीतलं कारपेट उचलून तळाचा पत्रा हाताने चाचपा. ओल, गंजाचा भुगा किंवा नुकताच मारलेला काळा अंडरकोट हाताला लागला तर भाव पाडायचा मुद्दा मिळाला. गाडी कोकणात राहिलेली असेल तर टेलगेटची खालची कड आणि दारांच्या तळाच्या घड्या टोकदार स्क्रूड्रायव्हरने दाबून बघा. पत्रा आतून सडतो, रंगाला फुगे नंतर येतात.

आता गाडीखाली. इंडिकाला मागे सेमी-ट्रेलिंग आर्म होते. इंडिगो घराण्याला तीन लिंकचं स्वतंत्र मॅकफर्सन स्ट्रट सस्पेन्शन आणि अँटी-रोल बार मिळाला. मरिना भरल्यावर आरामात बसते ती यामुळेच. पण तीन लिंक म्हणजे प्रत्येक बाजूला बुशांची, म्हणजे सांध्यांमधल्या रबरी तुकड्यांची, रांग, आणि वॅगन कायम ओझं वाहणार. बुश सैल झाले की मागची चाकं टो, म्हणजे सरळ पुढे बघण्याचा कोन, सोडतात आणि टायर आतल्या कडेने खातात. उभ्याने बघितलं तर दिसत नाही. टायरच्या आतल्या बाजूवरून हात फिरवा, एका दिशेला गुळगुळीत आणि उलट्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय. बहुतेक दुकानं अलाइनमेंट म्हणून फक्त पुढची चाकं जुळवतात. या गाडीला चारही चाकांचं मोजमाप हवं, आणि तेही बुश बदलल्यानंतर. बुशांचे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना शेवटचे आवळू नका. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावर आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. ही एवढी गोष्ट न पाळल्यामुळे "लोकल बुश टिकत नाहीत" ही तक्रार बऱ्याचदा जन्माला येते.

पुढचं सस्पेन्शन नेहमीचं आहे: लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, स्ट्रटचं वरचं माउंटिंग. खड्ड्यात टकटक आली की मेकॅनिक थेट स्टीअरिंग रॅकवर बोट ठेवतो. आधी लिंक रॉड बदलून बघा. रॅकच्या तुलनेत तो चिल्लर खर्च आहे.

इंजिनाकडे येऊ. टर्बो डिझेल, इनडायरेक्ट इंजेक्शन, रोटरी पंप. आवाज ट्रॅक्टरच्या जवळचा, पिकअप निवांत, पण तेल आणि पाणी वेळेवर मिळालं तर हे इंजिन मरत नाही. ते मरतं गरम होऊन. एकदा काटा लालमध्ये गेला आणि चालकाने "पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेऊ" म्हटलं की सिलिंडरांवरचं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, त्याच्याखालचं हेड गॅसकेट उडतं, आणि बिल गाडीच्या किमतीच्या शेजारी जाऊन बसतं.

गाडी कधी गरम होते यावरून कारण कळतं. शहरात, सिग्नलला काटा चढतो आणि हायवेला उतरतो: फॅन. हायवेला आणि खंबाटकी घाटाच्या चढाला चढतो, शहरात ठीक: रेडिएटर चोंदलाय. सगळीकडे हळूहळू चढतो आणि पाणी कमी होतं: गळती, किंवा हेड गॅसकेट. फॅन तपासायला एसी लावा, फॅन फिरला पाहिजे. मग एसी बंद करून गाडी जागेवर चालू ठेवा आणि काटा मध्याच्या वर सरकेपर्यंत थांबा. एसीवर फिरतो पण गरमीवर फिरत नाही, तर मोटर चांगली आहे आणि थर्मोस्विच किंवा त्याचा रिले गेलाय. मोटर बदलायला निघालेल्या माणसाला इथेच थांबवा.

गरम होणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकणं हा आपल्या गॅरेजांचा आवडता उपाय. त्याने आजार लपतो. इंजिन थंड चालतं, डिझेल जास्त पितं, धूर वाढतो आणि चोंदलेला रेडिएटर तसाच राहतो. विकत घेताना हे पकडता येतं. थंड इंजिन चालू करा आणि रेडिएटरला जाणारा वरचा होज हातात धरा. थर्मोस्टॅट असेल तर होज बराच वेळ थंड राहून मग एकदम तापतो. पहिल्या मिनिटापासूनच कोमट होत गेला तर आत थर्मोस्टॅट नाही, आणि तो का काढला याचं उत्तर विकणाऱ्याने द्यायला हवं.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतणं ही दुसरी खोड. क्षार नळ्यांत बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, दोन-तीन वर्षांनी पूर्ण बदल. होज दाबून बघा. टोकाशी फुगलेला किंवा दाबल्यावर कुरकुरणारा होज पुढच्या घाटात फुटणार. हेड गॅसकेटची खूण अशी: रात्रभर थंड झालेली गाडी, झाकण उघडं, इंजिन चालू, आणि पाण्यात सतत बुडबुडे. किंवा सुरू करून दोन मिनिटं होतात न होतात तोच होज दगडासारखा टणक. गाडी आधीच गरम करून दाखवणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.

हेड उघडायची वेळ आलीच तर फेसिंग करून, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करून, नवं गॅसकेट टाकण्याआधी दोन गोष्टी मागा. एक, हेडची प्रेशर टेस्ट, कारण व्हॉल्व्हांमधली बारीक चीर डोळ्याला दिसत नाही. दोन, पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्याचं माप, कारण डिझेलच्या गॅसकेटची जाडी त्यावरून ठरते. जुनं होतं तसलंच आणून लावलं आणि हेड बरंच घासलं असेल, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातलं अंतर कमी होतं. बोल्ट नवे, आवळणं मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्यानेच.

सकाळी सुरू व्हायला रडणारी मरिना दोनपैकी एका कारणाने रडते: उष्णता नाही, किंवा डिझेल नाही. पांढरा धूर येतोय, कच्च्या डिझेलचा वास येतोय, इंजिन हादरत तीन सिलिंडरवर पकडतंय, तर डिझेल पोचतंय आणि थंड सिलिंडर तापवणारे हीटर प्लग गेलेत. चारही प्लगना जोडणारी पट्टी काढा, कारण ती असताना एकाचा निकाल दुसऱ्यावर जातो. बॅटरीच्या पॉझिटिव्हला इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब जोडून दुसरं टोक प्लगच्या डोक्याला लावा. बल्ब पेटला तर प्लगमधला तार-मार्ग शाबूत. नाही पेटला तर मेला. चारही ठीक असतील तर इग्निशन चालू केल्यावर पट्टीवर करंट येतो का बघा, नाही आला तर रिले. स्टार्टिंग स्प्रे कधीही मारू नका. लाल झालेल्या हीटर प्लगवर ईथर गेलं तर ते चुकीच्या वेळी भडकतं आणि पिस्टन फोडतं.

धूरच नाही, नुसतं क्रँकिंग, तर डिझेल पोचत नाहीये. रोटरी पंपावर इंधन बंद करणारा सोलेनॉइड असतो. इग्निशन चालू-बंद करताना तिथे टक असा आवाज यायला हवा. येत नसेल तर आधी त्याची वायर बघा. आवाज येतोय आणि तरी गाडी उठत नाही, विशेषतः चढावर तोंड करून रात्रभर उभी राहिल्यावर, तर लाइनमध्ये हवा शिरतेय. फिल्टर ते पंप या टप्प्यात पारदर्शक पाइपचा तुकडा टाकून सुरू करा. बुडबुडे दिसले की मागे मागे जात तडकलेला पाइप किंवा सैल क्लिप शोधायची. फिल्टरच्या तळाचा ड्रेन उघडून साठलेलं पाणी काढणं विसरू नका, पावसाळ्यात तर नाहीच. त्या पाण्याने पंप आणि नोझल दोन्ही गंजतात.

टायमिंग बेल्टचा कागदोपत्री पुरावा नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा. बेल्ट तुटला की डिझेलमध्ये व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भिडतात. बेल्टसोबत टेन्शनर आणि आयडलरही बदला, कॅम आणि क्रँकचे ऑइल सील बघा, कारण तेल पिऊन फुगलेला बेल्ट किलोमीटर मोजत बसत नाही. बसवल्यावर क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का बघायचं. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही.

ब्रेकचं एक खास दुखणं आहे. डिझेल इंजिनात ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम आपोआप तयार होत नाही, म्हणून अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो आणि त्याला इंजिन ऑइलची नळी जाते. नळी गळली की दोन नुकसानं होतात: ऑइल अल्टरनेटरमध्ये शिरून चार्जिंग जातं, आणि पंप कोरडा पडून ब्रेक पेडल दगड होतं. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, कडक झालं की पायाने दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर पंप, त्याचा पाइप किंवा बूस्टर. चार्जिंग मोजताना मल्टिमीटरवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. आणि हो, पेट्रोल मॉडेलचा अल्टरनेटर स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका, त्याच्या पाठीला पंप नसतो.

धुराचं गणित सोपं आहे. काळा: एअर फिल्टर, नोझल किंवा टर्बोपुढचा फाटलेला होज. निळा: टर्बोचं सील, व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा. प्रदूषणाच्या बीएस-४ निकषांआधीच्या डिझेल गाडीला पीयूसीत ६५ हार्ट्रिजपर्यंत (हे धुराच्या दाटपणाचं एकक) सूट आहे; निरोगी मरिना त्यात आरामात बसते, त्यामुळे "पीयूसी मॅनेज करून देतो" असं कुणी म्हणालं तर नोझल आणि पंप बेंचवर जायला झालेत असं समजा. ऑइल १५डब्ल्यू-४० डिझेल ग्रेड. लांब पल्ल्यानंतर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवलं तर टर्बोचं बेअरिंग वाचतं.

क्लच, इंजिन माउंटिंग, एक्सलचे बूट, गिअर लिंकेजचे बुश, खिडक्यांची मशीन: सगळं जातं, सगळं मिळतं, सगळं परवडतं. एसीची कूलिंग कॉइल गळत असेल तर डॅशबोर्ड खोलावा लागतो आणि परत बसल्यावर तो आयुष्यभर कुरकुरतो, एवढंच.

पेट्रोल मरिना शांत आहे आणि पुण्या-मुंबईत रोज थोडंच फिरणाऱ्याला तीच बरी. फक्त सीएनजी किट असेल तर टाकीची चाचणी आणि आरसीवरची नोंद दोन्ही बघा, आणि टाकीने डिकी खाल्ल्यावर वॅगन कशाला घेतली तेही ठरवा. शेवटच्या काळात आलेली डायकॉर, म्हणजे कॉमन रेल पद्धतीच्या डिझेल इंजिनाची मरिना, पळायला छान, पण तिच्या इंजेक्टरना गल्लीतल्या गॅरेजचा हात लागू देऊ नका. घेण्याआधी चारही इंजेक्टरचं परतीचं डिझेल चार बाटल्यांत घेऊन बघा. एक बाटली इतरांपेक्षा खूप आधी भरली तर तो इंजेक्टर गेलाय.

कागदांचं काम शेवटी नको, सौद्याच्या आधी. बहुतेक मरिना आता पंधरा वर्षांपलीकडे आहेत. आरसीवरची वैधता बघा. संपली असेल तर फॉर्म २५, आरटीओत प्रत्यक्ष तपासणी, पर्यावरण कर आणि पुढची पाच वर्षं. तपासणीत मागचे दिवे, ब्रेक लाइट आणि नंबर प्लेटचा दिवा बघितला जातो. भेगाळलेला टेल लॅम्प तिथे अडतो, आणि तो बाजारात मिळेपर्यंत गाडी दारात उभी राहते. म्हणून रिपासिंग झालेली गाडी चार पैसे जास्त देऊन घेतलेली परवडते. विकणारा "पासिंग करून देतो" म्हणाला तर टोकन द्या, उरलेली रक्कम नवी आरसी आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट हातात आल्यावर.